बनावट ऐतिहासिक वचने (ठाणे व नवी मुंबई परिसर)

बनावट वचन म्हणजे इतिहासातील व्यक्तीने न उच्चारलेले व न लिहिलेले, तरीही तिच्या नावावर चालणारे वाक्य. ग्रंथांतील अशा भरतीला मराठी पाठचिकित्सेत (ग्रंथाचा मूळ मजकूर ठरवण्याच्या शास्त्रात) ‘प्रक्षेप’ म्हणतात. सभा, फलक, वृत्तपत्रे व व्हॉट्सॲप यांतून फिरणाऱ्या वाक्यांना प्रस्तुत नोंदीत ‘बनावट वचन’ म्हटले आहे. अस्सल वाक्याचा मोडून केलेला पाठ आणि दोन अस्सल वाक्ये सांधून केलेले तिसरे वाक्य हे त्याचेच उपप्रकार होत.

प्रक्षेपाची चिंता मराठीत जुनी आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत स्वतःची ओवी घुसवणाऱ्याने ‘अमृताचे ताटी जाण नरोटी (करवंटी) ठेविली’ असे बजावले. ठाण्याला हा वारसा विनायक लक्ष्मण भावे यांच्यामुळे लाभला. १८९३ मध्ये येथे स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संस्थापकांत ते होते. परंपरेने तुकोबांचे शिष्य संताजी जगनाडे यांच्या मानल्या जाणाऱ्या वह्यांवरून त्यांनी तुकोबांचे अभंग छापले (सु. १९१९–२०). त्या गाथ्याच्या नावातच त्यांनी ‘अस्सल’ हा शब्द घातला. हे काम ज्या शहरात झाले, तेथील चौकांत आज निराधार वाक्ये निर्धास्त झळकतात, याची खंत वाटते.

शिवाजी महाराजांच्या नावावरील वचने संख्येने सर्वाधिक असावीत. त्यांपैकी ‘रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नका’ हे वाक्य तपशिलाने पाहण्यासारखे आहे, कारण ते पूर्णतः खोटे नाही. चिपळूण भागातील छावणीच्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेल्या पत्रात (१६७३, काहींच्या मते १६७४) दाणागोटा व गवत जपून वापरण्याची ताकीद आहे. साठा संपला की कोणी कुणब्यांकडून दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटे (जळण), कोणी भाजी. मग रयतेला मोगल बरे वाटतील, असा त्याचा आशय. त्यात भाजी आहे, देठ नाही. देठ येतो तो सप्टेंबर १६७६ मध्ये कोकणातील प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेल्या पत्रात. तेथे विषय सैनिकांच्या लुटीचा नसून अंमलदाराच्या सचोटीचा आहे : भाजीच्या देठावरही मन न जाऊ देता नीट वर्तावे. म्हणजे प्रचलित वाक्य हे दोन पत्रांचा सांधा आहे. आशय महाराजांच्या धोरणाला धरून असल्याने ते चालवून घ्यावे, असे काहींचे म्हणणे असते. प्रस्तुत लेखकाला ते पटत नाही. सांध्यामुळे सैन्याला दिलेली ताकीद तेवढी उरते आणि सुभेदाराला, म्हणजे सत्ता हाती असलेल्याला, दिलेली ताकीद नाहीशी होते. व्यासपीठावरून हे वाक्य बहुधा सत्ताधारीच म्हणतात, म्हणून ही हानी लहान नव्हे.

‘हे राज्य व्हावे ही श्रींची इच्छा’ हे वाक्य रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरस प्रभू यांना १६४५ मध्ये लिहिलेल्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या पत्रावर आधारलेले आहे. तेथील शब्द ‘श्रींचे मनात फार आहे’ असे आहेत. पत्राच्या अस्सलपणाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, त्यामुळे ते निर्विवाद पुरावा म्हणून वापरू नये, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

ठाणे जिल्ह्याशी थेट निगडित आख्यायिका कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची. १६५७ च्या उत्तरार्धात कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली. त्या वेळी तिला पाहून महाराज ‘अशीच अमुची आई असती’ असे उद्गारले, हे शाळकरी मुलालाही पाठ असते. समकालीन पत्रांत ही हकीकत नाही. उत्तरकालीन लेखन व आख्यायिका यांतून ती आली आणि तिचे प्रचलित शब्द तर उघडच पद्याचे आहेत. या श्लोकाची गरजही नाही. स्त्रीशी बदअंमल करणाऱ्या रांझ्याच्या पाटलाला दिलेल्या शिक्षेचे १६४६ चे शिक्कामोर्तब असलेले पत्र उपलब्ध आहे. स्त्रियांची अब्रू राखण्याबद्दल महाराजांचा सक्त हुकूम होता, हे खाफीखानासारख्या विरोधी मोगल तवारीखकारानेही लिहून ठेवले आहे. शत्रूची साक्ष असताना भाषणांत मात्र श्लोकच म्हटला जातो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीत अनुवादाचा प्रश्न येतो. नागपूरच्या जुलै १९४२ च्या परिषदेतील इंग्रजी संदेशाचा क्रम शिका, चेतवा, संघटित व्हा असा आहे. मराठीत तो ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ असा फिरला. ‘शिक्षण हे वाघिणीचे दूध’ हे वाक्य ऐरोली-वाशीपासून कळव्यापर्यंत १४ एप्रिलच्या फलकांवर त्यांच्या नावाने असते, पण त्याखाली भाषणाचे स्थळ वा दिनांक नसतो. इंग्रजी भाषेला वाघिणीचे दूध म्हणणे विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या (१८५०–८२) नावावर आधीपासून प्रसिद्ध आहे. प्रतिमा तेथून सरकत आली असणे संभवते.

परकी वचनांत मेकॉलेचे सर्वांत ठळक. भारतभर फिरून आपल्याला एकही भिकारी वा चोर दिसला नाही, असे तो २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत म्हणाल्याचे सांगतात. त्या सुमारास तो कलकत्त्यात होता, आणि ती तारीख त्याच्या शिक्षणविषयक टिपणाची आहे. टिपणात हे वाक्य नाही. बँकांत व दुकानांत गांधीजींच्या छायाचित्राखाली टांगलेले ‘ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा’ हे वचन १९४१ च्या सुमारास स्टुडबेकर या अमेरिकी मोटार कंपनीच्या विक्री-अधिकाऱ्याच्या नावाने छापलेले आढळते.

प्रसाराची रीत ठरलेली आहे. शिवजयंती तारखेने व तिथीने दोनदा येते. तलावपाळी, तीन हात नाका, वाशीचा शिवाजी चौक येथे फ्लेक्स लागतात. मजकूर कार्यकर्ता मोबाईलवरून पाठवतो आणि डीटीपीवाला तो जसाच्या तसा लावतो. नेता तेच वाक्य भाषणात घेतो. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्र ते अवतरणचिन्हांत छापते. नेता तसे बोलला, एवढ्यापुरती बातमी खरी असते. पण पुढच्या वक्त्याला तेच कात्रण आधार म्हणून पुरते. वृत्तवाहिन्यांच्या पट्ट्यांवरही हेच घडते. यात कोणताही पक्ष अपवाद नाही.

मृत व्यक्तीच्या बदनामीची तरतूद भारतीय न्याय संहितेत (कलम ३५६) आहे, परंतु स्तुतीसाठी रचलेले वाक्य तिच्या कक्षेत सहसा येत नाही.

पडताळणीसाठी तीन गोष्टी पुरतात : पत्र वा भाषण कोणाला उद्देशून, कोणत्या दिवशी, कोणत्या छापील संग्रहात. शिवकालासाठी ‘शिवकालीन पत्रसारसंग्रह’ आणि आंबेडकरांसाठी महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले खंड ही पहिली पाहण्याची साधने होत.