साखरेतले दोन गुन्हे

1957 चा मे महिना, इंग्लंडमधलं ब्रॅडफर्ड. केनेथ बार्लो नावाच्या मेल नर्सची बायको रात्री बाथटबमध्ये मेलेली सापडली. हा सांगतो, तिला उलट्या झाल्या, घाम फुटला, अंघोळीला गेली, मला इकडे डोळा लागला, उठून बघतो तर ही पाण्यात, मग टबचं पाणी सोडलं, बाहेर काढता येईना म्हणून तिथेच कृत्रिम श्वास देत बसलो. ऐकायला ठीकच. पण गड्याचा पायजमा कोरडा ठणठणीत! आणि बाईच्या कोपराच्या खाचेत थोडं पाणी तसंच साचलेलं, कोणी छाती दाबून हलवलं असतं तर ते राहिलं असतं होय?

पोस्टमॉर्टेममध्ये बाई गरोदर होती एवढं कळलं, बाकी मरावं असं काही सापडेना. मग डॉक्टरांनी भिंग घेऊन अख्खी कातडी तपासली, अंगावर तीळ भरपूर त्यामुळे कटकटीचं काम, तेव्हा कुठे नितंबांवर सुईच्या चार खुणा दिसल्या. उलट्या, घाम, डोळ्यांच्या विस्फारलेल्या बाहुल्या हे सगळं रक्तातली साखर कोसळल्याचं लक्षण. म्हणजे साखर उतरवणारं इन्सुलिन? पण हृदयातल्या रक्तात साखर उलट जास्तच निघाली. केस इथेच बसायची, पण जीव जाताना लिव्हर आपला साखरेचा साठा रक्तात ओततं आणि तो हृदयापर्यंत पोचतो हे माहीत असलेले लोक तिथे होते म्हणून वाचली.

आता इन्सुलिन शोधायचं कसं? रक्तातलं इन्सुलिन मोजायची आजची पद्धतच तेव्हा आली नव्हती. म्हणून त्यांनी सुईच्या खुणांखालचं मांस काढलं, त्याचा अर्क उंदरांना टोचला. उंदीर थरथरले, झटके आले, बेशुद्ध पडले, नुसतं इन्सुलिन टोचल्यावर होतं अगदी तेच. हिशोब लावला तर त्या मांसात 84 युनिट अजून शिल्लक होतं, डायबेटिसवाल्या घरात हा आकडा ऐकून लोक दचकतील. बार्लो आधी सहकाऱ्यांकडे बढाई मारायचा म्हणे, इन्सुलिनने खून केला तर पत्ताच लागत नाही. मेल्यावर स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साचतं आणि आंबट वातावरणात इन्सुलिन टिकून राहतं, हे मात्र नर्ससाहेबांच्या अभ्यासक्रमात नसावं. गर्भपातासाठी एर्गोमेट्रिन, म्हणजे गर्भाशय आकुंचन पावायला लावणारं औषध, टोचलं होतं असं त्याने मग सांगून पाहिलं, पण त्याचा अंशही मिळाला नाही. जन्मठेप झाली. इन्सुलिनने केलेला खून कोर्टात सिद्ध होण्याची ही पहिलीच वेळ.

दुसरी गोष्ट याच्या 40 वर्षं आधीची, पहिल्या महायुद्धातली. जानेवारी 1917, नॉर्वेच्या पार उत्तरेला कारासयोक गावात बॅरन ओटो फॉन रोसेन जर्मनीसाठी हेरगिरी आणि घातपाताच्या संशयावरून पकडला गेला. सामानात साखरेचे खडे. चहात घालायचे चौकोनी खडे असतात तसे, पण आत केसासारखी काचेची नळी खुपसलेली आणि तिच्यात ॲन्थ्रॅक्सचे जंतू, म्हणजे आपल्याकडची काळपुळी, गुराढोरांचा फाशी रोग. रशियाकडे जाणारा दोस्त राष्ट्रांचा माल त्या बर्फातून घोडे आणि रेनडिअर ओढायचे, त्यांना गोड खाऊ घालून मारायचा बेत. जनावर खडा चावणार, काच फुटणार, तोंडात जखम होणार आणि जंतू थेट आत, म्हणजे काच ही नुसती बाटली नाही, हत्यारच. बायकोच्या खुनापेक्षा मला हे जास्त किळसवाणं वाटतं, त्या जनावरांना कसलं आलंय युद्ध!

यातला थोडा मुद्देमाल ट्रॉनहाइमच्या पोलीस म्युझियममध्ये पडून होता, सोबत चिठ्ठीही होती. कोणीतरी ती 80 वर्षांनी वाचली आणि खडा गेला इंग्लंडच्या पोर्टन डाउन प्रयोगशाळेत. 1998 मध्ये निकाल छापून आला: नळीतले मोजके जंतू चक्क जिवंत झाले! ॲन्थ्रॅक्सचा जंतू उपासमार झाली की बीजाणू बनतो, आतलं बरंचसं पाणी काढून टाकतो, जाड कवच चढवतो आणि सगळे व्यवहार बंद ठेवतो, ना खाणं ना वाढणं, त्यामुळे दशकं गेली तरी तो तसाच. खाद्य आणि ऊब मिळाली की उठतो. म्हणूनच फाशीने मेलेलं जनावर उघडं टाकू नका किंवा कापू नका असं पशुवैद्य ओरडून सांगतात, एकदा जमिनीत गेलेले बीजाणू तिथेच दबा धरून बसतात.

बॅरनला नॉर्वेने काही आठवड्यांतच सोडून दिलं. बार्लो मात्र 1984 पर्यंत आत होता.