कुंकवाची टिकली आणि फ्लूची लस

"तुमच्या त्या लशीनंच मला फ्लू झाला!"

गणपतीच्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी मला जिन्यातच गाठलं. 'तुमच्या' अशासाठी की मी तीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, म्हणजे जगातल्या यच्चयावत लशी माझ्याच. काकूंनी सोमवारी लस घेतली, गुरुवारी घसा धरला आणि शुक्रवारी ताप १०२. आता यावर काय बोलणार? बोललोच, आणि काकू निम्म्यातून दूध तापत ठेवल्याचं सांगून आत गेल्या. उरलेलं इथे लिहितो.

लशीमुळे फ्लू होतो का आणि लस घेऊनही फ्लू होतो का, हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं हो.

पहिला लवकर संपवतो. दंडावर टोचतात त्या लशीत विषाणू मेलेला असतो आणि बहुतेकदा त्याचे तुकडेही केलेले असतात. नेहमीच्या लशीत फ्लूच्या विषाणूचे तीन वाण, म्हणजे उपप्रकार, असतात आणि प्रत्येक वाणामागे १५ मायक्रोग्रॅम प्रथिन असतं. तिन्ही वाणांचं मिळून वजन केलं तरी मिठाच्या एका कणाइतकं भरणार नाही. फोडलेल्या नारळाला कोंब फुटत नाही, तसा या तुकड्यांपासून विषाणू वाढत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण वाटते, ती आपलीच प्रतिकारयंत्रणा कामाला लागल्याची खूण. काहींना लस आणि काहींना नुसतं मिठाचं पाणी टोचून, कुणाला काय दिलं ते गुपित ठेवून प्रयोग झाले आहेत. दोन्ही गटांत ताप आणि सर्दीचं प्रमाण सारखंच निघालं, फरक पडला तो दंडदुखीत. नाकात फवारायची लस मात्र जिवंत असते. २०१० मध्ये आपल्या पुण्यातल्याच सीरम इन्स्टिट्यूटने स्वाइन फ्लूसाठी तशी एक काढली होती. तिच्यातला विषाणू नाकाच्या थंडाव्यात वाढतो, पण फुप्फुसाच्या उबेत त्याचं काही चालत नाही. तिने थोडं नाक वाहू शकतं.

मग काकूंचा शुक्रवार? लस टोचल्यावर पुरेशी प्रतिपिंडं (विषाणूला अडवणारी, आपल्याच शरीराने बनवलेली प्रथिनं) तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. फ्लूची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला एक ते चार दिवस पुरतात. नातू शाळेतून शिंकत येत होता आणि लक्ष्मी रोडवरची खरेदीही झाली होती. त्यातून तो फ्लूच होता कशावरून? घशाचा स्वॅब कुणी घेतला नव्हता. आपण दर पडशाला 'फ्लू' म्हणतो, नाहीतर 'व्हायरल' म्हणून मोकळे होतो. पावसाळ्यात घसा धरणारे विषाणू डझनावारी आहेत आणि ही लस त्यांतल्या एकाच घराण्याविरुद्ध आहे.

आता दुसरा प्रश्न. समजा काकूंनी लस वेळेत घेतली असती, तर फ्लू झालाच नसता का? इथे मला रक्तातली प्रतिपिंडं मोजणारी माझी सगळ्यात लाडकी चाचणी सांगायची आहे.

१९४१ मध्ये अमेरिकेत जॉर्ज हर्स्ट हे शास्त्रज्ञ कोंबडीच्या अंड्यात फ्लूचा विषाणू वाढवत होते. अंड्यातला द्रव काढताना रक्तवाहिनी फुटली, रक्त द्रवात मिसळलं आणि त्यातल्या लाल पेशींच्या गुठळ्या झाल्या. दुसरा कुणी असता तर नमुना बिघडला म्हणून फेकून दिला असता. हर्स्टनी विचारलं, पेशी एकमेकींना चिकटल्या कशा? विषाणूच्या अंगावर एका प्रथिनाचे शेकडो काटे असतात आणि ते पेशींवरच्या सियालिक आम्ल नावाच्या साखरेला पकडतात. आपल्या घशातल्या पेशीत शिरायची विषाणूची कडी हीच. तशीच साखर लाल पेशींवरही असते. एक विषाणू दोन-दोन पेशी धरतो, शेजारचा आणखी दोन, आणि बघता बघता जाळं विणलं जातं. या प्रथिनाचं नावच पडलं हिमॅग्लुटिनिन, म्हणजे रक्तपेशींना चिकटवणारं. स्वाइन फ्लूच्या विषाणूच्या एच१एन१ या नावातला 'एच' तो हाच.

आता प्लास्टिकची एक पट्टी घ्या, तिला ९६ छोटे खळगे. खळग्यात नुसत्या लाल पेशी टाकल्या तर त्या घरंगळत तळाशी जमतात आणि छान गोल ठिपका दिसतो, अगदी कुंकवाच्या टिकलीसारखा. विषाणूही टाकला तर जाळं विणलं जातं आणि टिकली न होता खळगाभर फिकट लाली पसरते. आणि आधी तुमच्या रक्तातलं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारं पिवळसर पाणी, टाकलं तर? त्यात प्रतिपिंडं असली तर ती विषाणूच्या कड्या झाकून टाकतात, जाळं विणलं जात नाही, टिकली पुन्हा दिसते. पट्टी तिरकी केली की ती ओघळते, हेसुद्धा बघायचं असतं.

मग सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत जायचं: १० पट, २०, ४०, ८०, १६०. टिकली शेवटी जिथे दिसली तो तुमचा आकडा. काकूंचा आकडा ४० आला, तर पुस्तकात त्यांना 'संरक्षित' म्हणतील. पण हा ४० आला कुठून? ब्रिटनमध्ये स्वयंसेवकांना मुद्दाम फ्लूचा विषाणू देऊन केलेला एक अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या पातळीला लागणीचा धोका साधारण निम्मा होतो, ती पातळी ४०च्या आसपास निघाली. म्हणजे 'संरक्षित' या शब्दाच्या पोटातच पन्नास टक्के बसलेले आहेत! लस आणि विषाणू यांचं जुळलं त्या वर्षी फ्लूपायी डॉक्टरकडे जायची वेळ ४० ते ६० टक्क्यांनी टळते असं अमेरिकेतले आकडे सांगतात, त्याचं मला तरी आश्चर्य वाटत नाही. लागण झालीच तरी अतिदक्षता विभागापर्यंत मजल जायची शक्यता घटते, हा वेगळा फायदा.

आणि विषाणू गप्प बसत नाही. आरएनएची, म्हणजे आपल्या जनुकीय आराखड्याची, नक्कल करताना तो चुका करतो आणि त्या दुरुस्त करत नाही. त्यातली एखादी चूक नेमकी कडीजवळ पडली की जुनी प्रतिपिंडं नीट बसत नाहीत. लशीतल्या वाणाशी १६० आकडा देणारं तेच सीरम फिरत्या वाणाशी २०वर येतं. आठपट घसरण दिसली की प्रयोगशाळा म्हणते, हा वाण निराळा झाला. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, लशीत कोणते वाण घालायचे ते ठरवते, ते अशाच टिकल्या मोजून. आपल्याकडे हे टिकल्या मोजण्याचं काम पुण्यातली राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था करते, ती १९५२पासूनची.

यात अंड्याची एक गंमत आहे. (इथे वाचक गळतात, पण मला राहवत नाही.) बहुतेक लशींचा विषाणू आजही कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. माणसाच्या घशात सियालिक आम्ल ज्या जोडणीने बसलेलं असतं तिला अल्फा २-६ म्हणतात, अंड्यात ती अल्फा २-३ असते. अंड्यात तग धरायला विषाणू आपली कडी जराशी वाकवतो. २०१६-१७च्या हंगामात लशीतल्या एच३एन२ (फ्लूचा आणखी एक प्रकार) वाणाने या भानगडीत काट्याच्या १६०व्या जागेवरची साखरेची एक साखळी गमावली. बाहेर फिरणाऱ्या विषाणूवर मात्र ती होती. लस टोचलेल्यांच्या शरीराने प्रतिपिंडं चोख बनवली, पण ती अंड्यातल्या चेहऱ्याविरुद्ध. शिवाय अलीकडच्या एच३एन२ने कोंबडीच्या लाल पेशींना चिकटणंच सोडलंय, त्यामुळे प्रयोगशाळांना गिनीपिगच्या पेशी आणाव्या लागतात. हर्स्टना आजचा विषाणू मिळाला असता तर त्यांचा शोध लागलाच नसता!

२००९च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. तेव्हा शहाणीसुरती माणसं कापूर-वेलचीची पुरचुंडी रुमालात बांधून हुंगत होती. ती पुरचुंडी फसली अशी तक्रार घेऊन मला जिन्यात आजवर कुणी गाठलेलं नाही. काढ्याला कुणी टक्केवारी विचारत नाही, लशीने शंभरातले शंभर दिले नाहीत तर ती फसवी.

दूध उतू गेलं नसावं, कारण काकू परत बाहेर आल्या. "मग पुढच्या वर्षी घेऊ का नको?"

घ्या, पण गणपतीच्या तोंडावर नको. आपल्याकडे फ्लूचा मोठा भर पावसाळ्यात असतो आणि लशीचा जोर काही महिन्यांत ओसरतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये, दक्षिण गोलार्धाच्या यादीतली नवी लस घ्यायची. केमिस्टकडे खोक्यावरचं वर्ष वाचायचं, गेल्या सालची उरलेली नको. आणि नातू अजून नऊ वर्षांचा झालेला नाही, त्यातून त्याची पहिलीच वेळ, तेव्हा त्याला चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतील. त्याचं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच उरका.