शहर प्रशासनाचा कायदेविषयक पाठपुरावा (अमेरिका)

राज्याच्या विधिमंडळात आणि वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये येणाऱ्या विधेयकांवर शहराच्या सरकारने ठेवलेली नजर, त्यांविषयी घेतलेली अधिकृत भूमिका आणि ती भूमिका कायद्यात उतरावी म्हणून केलेले प्रयत्न. अमेरिकेतील मोठी शहरे या कामासाठी स्वतंत्र कर्मचारी नेमतात. लहान शहरे ते शहरांच्या संघटनांमार्फत किंवा कंत्राटी लॉबिइस्टकडून, म्हणजे मोबदला घेऊन कायदेकर्त्यांपुढे बाजू मांडणाऱ्यांकडून, करून घेतात. विधिमंडळात शहराला मत नसते. त्याच्या हाती असते ते वेळेवर कळणे आणि वेळेवर बोलणे, आणि यांतले पहिले चुकले की दुसऱ्याचा फारसा उपयोग उरत नाही.

कायदेशीर पार्श्वभूमी

अमेरिकेच्या राज्यघटनेत केंद्र आहे, राज्ये आहेत. शहरांचा उल्लेखच नाही. १८६८ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश जॉन डिलन यांनी असे तत्त्व मांडले, की शहर हे राज्याने निर्माण केलेले असल्यामुळे त्याला राज्याने दिले तेवढेच अधिकार असतात. ‘डिलनचा नियम’ म्हणून ते ओळखले जाते. १९०७ च्या हंटर विरुद्ध पिट्सबर्ग या खटल्यात केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. अॅलेघेनी हे शेजारचे लहान शहर पिट्सबर्गमध्ये विलीन करण्यात आले होते. अॅलेघेनीच्या मतदारांचा त्याला विरोध होता, पण दोन्ही शहरांची मते एकत्र मोजल्यामुळे तो बुडाला. राज्य शहराची हद्द वाढवू शकते, त्याचे अधिकार काढून घेऊ शकते, शहर मोडूही शकते, असे न्यायालयाने सांगितले.

यावर उतारा म्हणून ‘होम रूल’ची व्यवस्था आली. मिसुरीने १८७५ च्या राज्यघटनेत आणि कॅलिफोर्नियाने १८७९ च्या राज्यघटनेत शहरांना स्वतःची सनद करण्याची मुभा दिली. तरीही सनद असलेल्या शहराचा निर्वेध अधिकार फक्त ‘नगरविषयक’ बाबींपुरता असतो. एखादा प्रश्न ‘राज्यव्यापी हिताचा’ ठरला की राज्याचा कायदा वरचढ होतो. त्यामुळे शहरसभेने चार वर्षे खपून केलेला नियम राज्याच्या एका विधेयकाने एका रात्रीत निकामी होऊ शकतो.

लॉस एंजेलिसची पद्धत

हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते लॉस एंजेलिसमध्ये नीट पाहता येते. इथे शहराची भूमिका ही महापौरांची किंवा एखाद्या नगरसेवकाची वैयक्तिक भूमिका नसते. राज्य, केंद्र किंवा अन्य कोणत्याही संस्थेपुढील प्रस्तावावर शहराची म्हणून जी भूमिका घ्यायची, ती आधी शहर परिषदेने ठरावाच्या रूपात मंजूर करावी लागते आणि तिला महापौरांची सहमती लागते. पंधरा सदस्यांच्या परिषदेत एखादा सदस्य असा ठराव मांडतो: अमुक विधेयकाला पाठिंबा, किंवा दुरुस्ती न झाल्यास विरोध. ठराव ‘चीफ लेजिस्लेटिव्ह अॅनालिस्ट’ या परिषदेच्या अधिकाऱ्याच्या कार्यालयाकडे जातो. ते कार्यालय विधेयक वाचते, संबंधित खात्यांचे मत मागवते, शहरावर पडणारा खर्च पाहते आणि शिफारशीसह अहवाल देते. समितीत चर्चा झाली की ठराव परिषदेपुढे येतो, आणि मंजूर झाल्यावर शहराच्या त्या अधिवेशनाच्या ‘कायदेविषयक कार्यक्रमा’त जमा होतो. सॅक्रामेंटो इथे, म्हणजे सहाशे किलोमीटरवरच्या राज्याच्या राजधानीत, शहराचे प्रतिनिधी त्या ठरावाच्या आधारावरच बोलतात.

कॅलिफोर्नियात १९५३ च्या ब्राउन कायद्यानुसार स्थानिक संस्थांच्या बैठका जनतेसाठी खुल्या असाव्या लागतात. त्यामुळे शहर सॅक्रामेंटोत काय मागणार आहे, याची चर्चा नागरिकांसमोर होते आणि त्यांना तिथे उठून बोलता येते. खासगी कंपन्यांचे लॉबिंग आणि शहराचे लॉबिंग यांतला हा फरक या व्यवस्थेची सर्वांत मोलाची बाजू आहे.

नजर ठेवण्याचे काम किचकट आहे. कॅलिफोर्निया विधिमंडळाच्या दोन वर्षांच्या अधिवेशनात चार हजारांहून अधिक विधेयके येतात. लॉस एंजेलिसच्या मालकीचे बंदर आहे, आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे, आणि पाणी व वीज पुरवणारे देशातील सर्वांत मोठे नगरपालिकीय खाते आहे. जहाजांच्या धुरापासून सौरऊर्जेच्या दरापर्यंत कोणतेही विधेयक शहराच्या अंगावर येऊ शकते. विधेयकांच्या संगणकीय याद्या आणि शब्दशोध यांतून पहिली चाळणी होते, पण खरी पारख खात्यांतल्या माणसांना असते. कलमातल्या एका ओळीमुळे मलनिस्सारण प्रकल्पाची कोणती परवानगी अडकेल, हे तो प्रकल्प चालवणाऱ्या अभियंत्यालाच कळते. म्हणून विधेयक संबंधित खात्याकडे लवकर पोहोचवणे हेच या कार्यालयाचे मुख्य कौशल्य मानावे लागते.

विधिमंडळाचे वेळापत्रक निर्दय असते. विधेयके मांडण्याची मुदत फेब्रुवारीत संपते. मांडलेल्या विधेयकावर साधारणतः तीस दिवस कारवाई होत नाही, आणि शहराला विचार करायला मिळणारा हाच खरा काळ. त्यानंतर विषयसमित्यांच्या सुनावण्या सुरू होतात. प्रत्येक सुनावणीआधी समितीचे कर्मचारी विधेयकाचे विश्लेषण तयार करतात आणि त्याच्या शेवटी पाठिंबा व विरोध नोंदवणाऱ्यांची यादी जोडतात. शहराचे पत्र सुनावणीच्या काही दिवस आधी पोहोचले तरच त्याचे नाव त्या यादीत येते. खर्चिक विधेयके वित्तीय समितीच्या ‘सस्पेन्स फाइल’मध्ये जातात. तिथे एकाच बैठकीत शेकडो विधेयकांचा निकाल चर्चेविना वाचून दाखवला जातो. या टप्प्यावर भावनेपेक्षा आकडा बोलतो, आणि अंमलबजावणीच्या खर्चाचा आकडा सहसा शहराकडेच असतो.

अधिवेशनाच्या अखेरीस आणखी एक धोका असतो. एखाद्या पडून राहिलेल्या विधेयकातला सगळा मजकूर काढून त्या क्रमांकाखाली भलताच विषय घालायचा, ही तिथली जुनी चाल आहे. २०१६ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव ५४ नंतर अंतिम मतदानापूर्वी विधेयकाचा मजकूर ७२ तास प्रसिद्ध राहणे बंधनकारक झाले. मात्र तेवढ्या अवधीत ठराव, अहवाल, समिती आणि परिषद हा सारा प्रवास होणे अवघड असते. म्हणून शहरे वर्षाच्या सुरुवातीलाच सर्वसाधारण तत्त्वे मंजूर करून ठेवतात. ‘राज्याने खर्च न देता नवी जबाबदारी टाकल्यास विरोध’ असे तत्त्व आधीच मंजूर असेल, तर कर्मचाऱ्यांना ऐनवेळी पत्र धाडता येते.

एका प्रश्नाचा सात वर्षांचा प्रवास

या सगळ्याच्या मर्यादा घरबांधणीच्या वादात उघड झाल्या. राज्य सिनेटमधील सॅन फ्रान्सिस्कोचे सदस्य स्कॉट वीनर यांनी २०१८ मध्ये सिनेट विधेयक ८२७ आणले. रेल्वे स्थानके आणि वर्दळीचे बसमार्ग यांच्या जवळ शहराच्या झोनिंग नियमांपेक्षा (कुठे काय आणि किती उंच बांधता येईल हे ठरवणारे नियम) उंच इमारतींना परवानगी द्यावी, असा त्याचा आशय होता. लॉस एंजेलिसच्या परिषदेने एकमताने विरोध नोंदवला. विधेयक एप्रिलमध्ये पहिल्याच समितीत पडले. पुढच्या प्रयत्नाला, म्हणजे सिनेट विधेयक ५० लाही परिषदेने एकमताने विरोध केला. ते जानेवारी २०२० मध्ये सिनेटच्या मतदानापर्यंत गेले आणि १८ विरुद्ध १५ मते मिळूनही पडले, कारण २१ मते लागत होती.

२०२५ मध्ये वीनर यांनीच सिनेट विधेयक ७९ मांडले. या वेळी लॉस एंजेलिसचा विरोधाचा ठराव ऑगस्टमध्ये ८ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला. भाडी वाढली होती, बेघरांचा प्रश्न तीव्र झाला होता आणि परिषदेतल्या काही सदस्यांनाच विधेयक योग्य वाटत होते. महापौर कॅरन बॅस यांनीही विरोध कळवला. तरी विधेयक मंजूर झाले आणि गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी १० ऑक्टोबर २०२५ रोजी त्यावर सही केली. दुरुस्त्यांनंतर त्याची व्याप्ती रेल्वेचे जाळे दाट असलेल्या काही परगण्यांपुरती राहिली, आणि तेवढीच घरसंख्या देणारी पर्यायी योजना आखण्याची सवलत शहरांना मिळाली.

शहराची भूमिका बरोबर होती की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. घरांच्या टंचाईला शहरांचे स्वतःचे झोनिंगही कारणीभूत होते, हे नाकारता येत नाही. पण पाठपुराव्याच्या दृष्टीने दोन गोष्टी दिसतात. एकमताच्या ठरावाचे वजन दुभंगलेल्या ठरावाला येत नाही. आणि ऑगस्टमध्ये, विधेयक दुसऱ्या सभागृहात पोहोचल्यावर केलेला ठराव हा विरोधाची नोंद म्हणून उरतो. मसुदा घडवण्याची वेळ तोवर निघून गेलेली असते.

पैशाची लढाई आणि तिचा उलटा फटका

शहरे एकत्र येतात ती मुख्यतः पैशासाठी. ‘लीग ऑफ कॅलिफोर्निया सिटीज’ ही संघटना १८९८ पासून आहे आणि राज्यातील ४८० हून अधिक शहरांच्या वतीने बोलते. १९७८ च्या प्रस्ताव १३ ने मालमत्ता करावर मर्यादा घातल्यावर राज्य आपल्या तुटीच्या वर्षांत शहरांच्या वाट्याचा महसूल शाळांच्या खर्चाकडे वळवू लागले. ते रोखण्यासाठी २००४ मध्ये गव्हर्नर आर्नोल्ड श्वार्झनेगर यांच्याशी समझोता होऊन प्रस्ताव १अ मतदारांपुढे गेला आणि ८० टक्क्यांहून अधिक मतांनी मंजूर झाला. २०१० मध्ये प्रस्ताव २२ ने हे कुंपण आणखी मजबूत केले.

त्याच कुंपणात शहरे अडकली. २०११ मध्ये राज्याने दोन जोडविधेयके केली: एकाने शहरांच्या वगैरे स्थानिक शासनांच्या सुमारे ४०० पुनर्विकास संस्था बरखास्त केल्या, दुसऱ्याने ठरावीक रक्कम भरणाऱ्या संस्थांना चालू राहण्याची परवानगी दिली. शहरांची संघटना न्यायालयात गेली. २९ डिसेंबर २०११ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बरखास्ती वैध ठरवली आणि पैसे भरून वाचण्याची सवलत मात्र रद्द केली, कारण अशी वसुली प्रस्ताव २२ च्या विरुद्ध होती. १ फेब्रुवारी २०१२ रोजी सगळ्या संस्था संपल्या. शहरांच्या कायदेविषयक इतिहासात स्वतःच्या विजयाने केलेला इतका मोठा घात क्वचितच सापडेल, आणि संरक्षक तरतूद लिहिताना ती पुढे कोणाविरुद्ध वाचली जाईल याचा विचार किती दूरवर करावा लागतो हे त्यातून कळते.

वॉशिंग्टनमध्ये

केंद्रात शहरांचा आवाज प्रामुख्याने दोन संघटनांतून जातो: १९२४ मध्ये सुरू झालेली ‘नॅशनल लीग ऑफ सिटीज’ आणि महामंदीच्या काळात बेकारांना मदत मागण्यासाठी महापौर एकत्र आल्यातून १९३२ मध्ये उभी राहिलेली ‘यूएस कॉन्फरन्स ऑफ मेयर्स’. मार्ग असा: शहराचे काँग्रेस सदस्य, अनुदान देणारी केंद्रीय खाती आणि अर्थसंकल्पी समित्या. २०२१ पासून काँग्रेसमध्ये विशिष्ट प्रकल्पांसाठी निधी राखून ठेवण्याची प्रथा पुन्हा सुरू झाली. त्यामुळे एखाद्या पुलासाठी किंवा जलशुद्धीकरण केंद्रासाठी थेट मागणी नोंदवणे हे दरवर्षीचे काम झाले आहे.

कोविडकाळातील मदत हे अलीकडचे ठळक यश. मार्च २०२० च्या केअर्स कायद्यात १५० अब्ज डॉलरचा निधी होता, पण त्यातून थेट पैसे फक्त पाच लाखांवर लोकसंख्या असलेल्या स्थानिक शासनांना मिळू शकत होते. बाकीच्यांनी राज्याकडे हात पसरायचे. शहरांच्या संघटनांनी वर्षभर हाच मुद्दा लावून धरला. मार्च २०२१ च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅन कायद्यात राज्ये आणि स्थानिक शासने यांच्यासाठी ३५० अब्ज डॉलर ठेवले गेले आणि लहान शहरांचाही हिस्सा कायद्यातच ठरवून दिला गेला.

राज्य आणि शहर आमनेसामने

राज्यात एका पक्षाचे आणि शहरात दुसऱ्या पक्षाचे बहुमत असेल, तर हा पाठपुरावा बचावाचा होतो. टेक्सासमधील डेंटन शहराच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये फ्रॅकिंगवर, म्हणजे खडकात दाबाने पाणी सोडून तेल-वायू काढण्यावर, बंदी घातली. २०१५ मध्ये विधिमंडळाने अशा बंदीचा अधिकारच काढून घेतला. अलाबामातील बर्मिंगहॅमने किमान वेतन वाढवले, तर राज्याने २०१६ मध्ये सर्व शहरांना तसे करण्यास मनाई केली. अशा ठिकाणी शहराचे प्रतिनिधी कृषी, कामगार, परवाने अशा कोणत्याही शीर्षकाच्या विधेयकात ‘कोणत्याही स्थानिक शासनास’ हे शब्द आहेत का, ते आधी शोधतात.

गव्हर्नर आणि महापौर एकाच पक्षाचे असले म्हणून काम सोपे होते असेही नाही. न्यूयॉर्क शहराला शाळांजवळ वेगनियंत्रक कॅमेरे लावण्यासाठी ऑल्बनीची, म्हणजे राज्याच्या राजधानीतल्या विधिमंडळाची, परवानगी लागते. जुलै २०१८ मध्ये राज्य सिनेटने मुदतवाढ न दिल्याने ती परवानगी संपली आणि शहराला गव्हर्नरांच्या तातडीच्या आदेशाचा आधार घ्यावा लागला. २०१९ मध्ये नव्या विधिमंडळाने कॅमेऱ्यांची मर्यादा ७५० शाळा-परिसरांपर्यंत वाढवली.

मुंबईशी तुलना

मुंबईच्या वाचकाला हे नाते ओळखीचे वाटेल. महापालिकेचा १८८८ चा अधिनियम बदलतो तो विधिमंडळात. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नगरपालिकांना राज्यघटनेत स्थान दिले, जे अमेरिकी शहरांना नाही. पण बाराव्या अनुसूचीतील १८ विषय प्रत्यक्ष सोपवण्याचा निर्णय राज्यावरच ठेवला. मुंबईतील प्रभागांची संख्या २२७ वरून २३६ झाली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा २२७ वर आली, ती राज्याच्या निर्णयांनी. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासक आल्यामुळे त्या वेळी शहराच्या वतीने ठराव करायला निवडून आलेले सभागृहही नव्हते.

नियम आणि आक्षेप

शहराने करदात्यांच्या पैशातून लॉबिंग करावे का, हा वाद जुना आहे. कॅलिफोर्नियात विधेयकावर भूमिका मांडण्यासाठी सार्वजनिक पैसा वापरता येतो, मात्र सार्वमताच्या प्रस्तावावर प्रचारासाठी वापरता येत नाही. १९७६ च्या स्टॅन्सन विरुद्ध मॉट या निकालाने ती रेषा आखली. केंद्रीय अनुदानाचा पैसा लॉबिंगसाठी वापरण्यास मनाई आहे. १९९५ च्या केंद्रीय लॉबिंग प्रकटीकरण कायद्यातून आपल्या पदाच्या नात्याने बोलणारे शहराचे अधिकारी वगळलेले आहेत. शहराने नेमलेल्या बाहेरच्या लॉबिइस्टला मात्र नोंदणी व अहवाल चुकत नाहीत. टेक्सासमध्ये तर स्थानिक शासनांना लॉबिइस्ट नेमण्यास बंदी घालणारी विधेयके वारंवार मांडली गेली आहेत, आणि शहरांना ती विधेयकेही आपल्या यादीत ठेवावी लागतात.