डोमेन ऑब्जेक्टचे व्हॅलिडेशन

ग्राहक, ऑर्डर, विमा पॉलिसी, रेल्वेचा पास अशा व्यवहारातल्या गोष्टी ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगमध्ये माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बांधणाऱ्या ज्या ऑब्जेक्टांतून मांडतात, त्यांना डोमेन ऑब्जेक्ट म्हणतात. त्यांतली माहिती त्या व्यवहाराच्या नियमांत बसते का, हे तपासणे म्हणजे त्यांचे व्हॅलिडेशन. तपासणी हवी यावर वाद नाही. ती कुठे आणि कधी करायची, यावर मात्र टीममध्ये हमखास खटके उडतात.

मुंबई लोकलचा पास घेऊ. बोरिवली ते बोरिवली असा पास निघत नाही आणि मुदत सुरू होण्याआधी संपत नाही. असे कायम खरे राहणारे नियम म्हणजे इन्व्हेरियंट. डेटा स्ट्रक्चरच्या (माहिती साठवण्याच्या रचनेच्या) संदर्भात ही कल्पना संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९७२ मध्ये मांडली. पुढे बर्ट्रांड मेयर यांनी आपल्या आयफेल या प्रोग्रामिंग भाषेत तिला थेट व्याकरणातच जागा दिली. इतर भाषांत हे नियम कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट तयार करणाऱ्या कोडमध्ये, तपासतात आणि नियम मोडला तर एक्सेप्शन टाकून, म्हणजे चूक कळवून काम तिथेच थांबवून, ऑब्जेक्ट जन्मालाच येऊ देत नाहीत. मात्र नंतर प्रत्येक फील्डला, म्हणजे माहितीच्या प्रत्येक कप्प्याला, तो एकटाच बदलणारा सेटर दिला की ही मेहनत पाण्यात जाते. आधी सुरुवातीची तारीख बदलली, शेवटची अजून जुनीच आहे, तेवढ्या वेळात पास उलटा झालेला असतो. दोन्ही तारखा एकदम बदलणारी ‘नूतनीकरण’ ही एकच मेथड (ऑब्जेक्टला सांगायचे काम) द्यावी.

मुदत संपलेला पास मात्र चुकीचा ऑब्जेक्ट नव्हे. टीसीपुढे तो चालणार नाही, पण गेल्या वर्षीच्या विक्रीचा हिशेब काढताना तोच लागतो. मुदतीची अट कन्स्ट्रक्टरमध्ये कोंबली, तर डेटाबेसमधली जुनी नोंद वाचतानाच प्रोग्राम आपटतो. म्हणून ‘वैध आहे का’ एवढेच विचारणारी मेथड अर्धवट ठरते. ‘या तारखेला प्रवासाला चालेल का’ असे विचारणारी आणि तारीख बाहेरून घेणारी मेथड कामाची.

पिनकोडसारख्या छोट्या गोष्टीला स्वतःचा व्हॅल्यू ऑब्जेक्ट, म्हणजे केवळ मूल्यावरून ओळखला जाणारा छोटा ऑब्जेक्ट, द्यावा. सहा अंक, पहिला शून्य नाही, एवढे त्याने पाहावे. ४०० ने सुरू होतो म्हणजे मुंबईच, असा नियम त्यात घालण्याचा मोह आवरावा. ठाणे आणि नवी मुंबईचे पिनकोडही ४०० नेच सुरू होतात. कोणता पिनकोड कुठला, ते पोस्टाच्या यादीत पाहावे.

फॉर्म भरणाऱ्याला सगळ्या चुका एकदम दिसायला हव्यात, आणि एक्सेप्शन तर पहिल्याच चुकीला थांबते. त्यामुळे तिथे ऑब्जेक्ट तयार करण्याआधी चुकांची यादी गोळा करतात. ‘हा मोबाइल नंबर आधीच नोंदलेला आहे का’ हा नियम तर एकट्या ऑब्जेक्टच्या आवाक्यातलाच नाही. आधी शोधून मग साठवले, तरी त्याच क्षणी दुसरी रिक्वेस्ट तोच नंबर घेऊन येऊ शकते. तिला अडवायला डेटाबेसमध्ये तोच नंबर दुसऱ्यांदा साठवू न देणारा युनिक इंडेक्सच लागतो.