कुत्र्याचं बुजणं (अनोळखी प्रकारच्या माणसांना)

घरच्या माणसांत अगदी गरीब असलेलं कुत्रं एखाद्या ठराविक दिसण्याच्या, चालण्याच्या किंवा वासाच्या माणसाला पाहिलं की अंगावरचे केस उभे करतं, गुरगुरतं, मागे सरत सरत भुंकतं, कधी धावूनही जातं, याला बुजणं म्हणतात. बैल बुजतो म्हणतात तोच हा शब्द. राखणीचं भुंकणं वेगळं, तिथे कोणीही परकं आलं की कुत्रं भुंकतं, बुजलेलं कुत्रं मात्र माणसं निवडतं. खानदेशात या निवडीत साधारण हीच माणसं सापडतात: पाठीवर गोणी घेतलेला भंगारवाला, हेल्मेट न काढता गेटशी उभा राहिलेला कुरिअरवाला, घोंगडी पांघरलेला ठेलारी मेंढपाळ, काठी टेकत येणारे म्हातारे बाबा, बुरख्यातली बाई, सातपुड्यातून मजुरीला उतरलेली पावरा आदिवासी माणसं. मग मालक कौतुकाने सांगतो की आमच्या कुत्र्याला माणूस बरोबर कळतो. हे खरं नाही, आणि त्या गेटबाहेरच्या माणसावर हा सरळसरळ अन्याय आहे. जात, धर्म, गरिबी, चोरी यातलं कुत्र्याला काहीच कळत नाही, त्याला आकार, चाल, आवाज आणि वास कळतो.

बुजण्याचं मूळ कशात यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. एक बाजू म्हणते पिल्लूपणी ओळख न होणं, दुसरी म्हणते रक्त, म्हणजे आईबापांकडून आलेला स्वभाव, तिसरी म्हणते पूर्वी कधी बसलेला मार. पहिल्या मताला सगळ्यात जास्त आधार मिळालेला आहे. जॉन पॉल स्कॉट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत पिल्लांवर वर्षानुवर्षं काम केलं, १९५० च्या सुमारास ‘निर्णायक काळ’ (ज्या वयात ओळख झाली तरच ती पक्की होते) ही कल्पना पिल्लांसाठी मांडली, आणि १९६५ मध्ये स्कॉट व फुलर यांच्या ग्रंथात हा काळ साधारण ३ ते १२ आठवडे असा धरला गेला. त्याआधी १९६१ मध्ये फ्रीडमन, किंग आणि एलियट यांचा प्रयोग छापून आला तो जास्त बोलका आहे. उंच कुंपणाच्या मोकळ्या वावरात कॉकर स्पॅनियल आणि बीगलची पिल्लं त्यांच्या आयांसोबत माणसाचा संबंध न येऊ देता वाढवली, वेगवेगळ्या वयात काहींना आठवडाभर माणसांत आणून परत सोडलं, आणि काहींना १४ आठवडे तसंच ठेवलं. ही शेवटची पिल्लं माणसापासून जंगली जनावरासारखी पळायची, पुढेही नीट माणसाळली नाहीत. त्यांनी हा काळ अडीच ते ९-१३ आठवडे असा सांगितला, म्हणजे वरचं टोक त्यांनीही ठाम धरलेलं नाही. आता बरेच जण ‘निर्णायक’ऐवजी ‘संवेदनशील’ काळ म्हणतात, कारण दार एकदम बंद होत नाही, हळूहळू लोटलं जातं, आणि हे बरोबर वाटतं. शिवाय हे दार कुत्र्यांच्या सगळ्या जातींत एकाच वेळी लोटलं जात नाही, २०१५ च्या एका अभ्यासात जर्मन शेफर्डच्या पिल्लांत भीती लवकर दिसली, कॅव्हेलियर किंग चार्ल्स या स्पॅनियलच्या जातीत उशिरा. जळगाव-धुळ्याच्या बंगल्यांतून शेफर्ड आवडीने पाळतात, त्यांच्यासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण दोन-अडीच महिन्यांचं पिल्लू घरी येतं तोवर बराचसा काळ विकणाऱ्याकडेच सरलेला असतो.

या काळात पिल्लू नुसतं ‘माणूस’ शिकत नाही, ‘अशी अशी माणसं’ शिकतं. चार माणसांच्या घरात वाढलेल्या पिल्लाला चारच नमुने माहीत असतात, त्यात दाढी नसेल, काठी नसेल, लहान पोर नसेल तर ते पुढे अनोळखी राहतं. आपल्याकडे याला ऋतूही जोडायला हवा. भारतात गावठी कुत्र्यांची बरीच पिल्लं पावसाळा सरल्यावर, हिवाळ्याच्या आसपास होतात, म्हणजे त्यांचे हे आठवडे कापूस वेचणीच्या आणि भरीत पार्ट्यांच्या दिवसांत जातात. मळ्यातल्या पिल्लाला तेव्हा वेचणीच्या बाया, सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी), हुरडा-भरीत खायला आलेली पोरंटोरं सगळी दिसतात, पण गोणपाटाची खोळ नाहीतर प्लॅस्टिकचा रेनकोट घातलेला माणूस ते थेट जूनमध्येच पाहतं. पहिल्या पावसात रोजच्या दूधवाल्यावर कुत्रं का धावून गेलं याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच मिळेल.

ओळख माणसाशी नसून आकाराशी असते हे जळगाव जिल्ह्यात फैजपूरजवळच्या एका केळीच्या मळ्यात अगदी जवळून पाहिलेलं आहे. सालदार खांद्यावर घड घेऊन बांधावरून येत होता, घडाने त्याचं डोकं पार झाकलेलं, आणि त्याच्याच हातची भाकर खाणारं कुत्रं शेपटी पायात घालून त्याच्यावर भुंकायला लागलं. त्याने घड पाल्यावर टेकवला आणि म्हणाला, “ओयखलं नाही का रे भो मले?” तसं कुत्रं आधी थबकलं, नाक वर करून वास घेतला, आणि मग लोळणच घेतली. मधे गेला असेल फारतर अर्धा मिनिट.

याचं कारण कुत्र्याच्या डोळ्यात आहे. त्याला माणसाइतकं बारीक दिसत नाही, लाल-हिरवं नीट वेगळं करता येत नाही (हे १९८९ च्या सुमारास प्रयोगाने दाखवलं गेलं), पण हालचाल पटकन टिपता येते, म्हणून लंगडणं, डुलत चालणं, टोपीमुळे बदललेला डोक्याचा आकार त्याला आधी खटकतो. वास नंतर पोचतो, वारा उलटा असेल तर पोचतच नाही. वासाबद्दल २०१८ मधला इटलीतल्या संशोधकांचा प्रयोग आहे, घाबरलेल्या माणसांच्या घामाचा वास दिल्यावर लॅब्रेडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि ती मालकाला जास्त चिकटली. म्हणजे जो माणूस कुत्र्याला भितो त्याच्यावरच ते भुंकतं या लोकांच्या म्हणण्यात थोडं तथ्य असावं. पुरुषांवर जास्त भुंकतात हेही लोक म्हणतात, आणि निवारागृहातल्या कुत्र्यांच्या १९९९ च्या पाहणीत बायकांसमोर ती लवकर शांत होतात असं आढळलं होतं.

रक्ताची बाजू उडवून लावता येत नाही. अर्कान्सासमध्ये १९६० च्या दशकापासून पॉइंटर या शिकारी कुत्र्यांची एक भित्री वंशावळ मुद्दाम जोपासली होती, ती माणूस दिसला की थिजून उभी राहायची आणि लाडाने वाढवूनही फार सुधारायची नाहीत. रशियात आनुवंशिकीचे अभ्यासक बेल्यायेव यांनी १९५९ मध्ये कोल्ह्यांवर सुरू केलेलं काम याच्या उलट्या टोकाचं, तिथे माणसाला न भिणारे निवडत गेले आणि थोड्याच पिढ्यांत शेपटी हलवणारे कोल्हे निघाले. तरी रक्ताने मिळतो तो एकूण भित्रेपणा, भंगारवालाच का खटकतो हे रक्त सांगत नाही.

माराचं कारण मालक सगळ्यात जास्त सांगतात, “लहानपणी कोणीतरी काठीने मारलं असेल”. काही कुत्र्यांत ते खरं असतंच, एका काठीवाल्याने मारलं की सगळे काठीवाले वैरी होतात. पण ज्या कुत्र्याला कधी कोणी बोटही लावलं नाही तेही काठीला बुजतं, म्हणून हे कारण लगेच धरू नये.

मालकाचा वाटा मात्र मोठा आहे आणि तोच झाकून ठेवला जातो. कुत्रं शंका आली की मालकाच्या तोंडाकडे बघतं, २०१२ च्या एका प्रयोगात रिबिनी लावलेला पंखा समोर ठेवला तर मालक घाबरल्यासारखा बोलला की कुत्री त्यापासून लांब राहायची. तसंच गेटबाहेर गोणीवाला दिसल्याबरोबर आपण साखळी आवळतो, आवाज चढवतो, आणि कुत्र्याला निरोप मिळतो की हा धोक्याचा. वर तो माणूस बिचारा त्याच्या कामाने पुढे निघून जातो, कुत्र्याला वाटतं आपल्या भुंकण्याने गेला, दुसऱ्या दिवशी ते दुप्पट भुंकतं. पोस्टमनवर भुंकण्याचं कारणही हेच. दिवसभर साखळीला बांधलेल्या कुत्र्याला लांब जाण्याची सोयच नसते, म्हणून ते आणखी लवकर अंगावर जातं.

गल्लीतल्या मोकाट कुत्र्यांचं थोडं वेगळं आहे. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने दाखवलं की अनोळखी माणसाने वारंवार गोंजारलं तर मोकाट कुत्री त्याच्यावर नुसतं खाणं देणाऱ्यापेक्षा जास्त विश्वास टाकतात (२०१७). प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस झालेलं कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं, ते एका दृष्टीने चांगलं, कारण त्या गल्लीतली माणसं त्याला माहीत असतात.

उपाय पिल्लूपणीच सोपा. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला बाहेर काढू नका असं सांगतात, पण पार्व्होच्या (पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-ओकारीच्या रोगाच्या) लसी साधारण १६ आठवड्यांपर्यंत चालतात आणि तोवर ओळखीचा काळ निघून जातो, म्हणून अमेरिकेतल्या पशुवर्तन वैद्यांच्या संघटनेने २००८ मध्येच पहिल्या लसीनंतर जपून ओळखी सुरू करा असं म्हटलं. अंगणात कडेवर घेऊन बसलं तरी चालतं, टोपीवाला, काठीवाला, घुंगरू वाजवत होळीचा फगवा मागायला येणारा, सगळे दिसू द्यावेत. मोठ्या कुत्र्याला तो माणूस लांबूनच दाखवावा, इतक्या लांबून की ते भुंकणार नाही, आणि तो दिसत असेपर्यंत आवडीचं खायला द्यावं, मग आठवड्या-आठवड्याने अंतर कमी करावं. त्या माणसाला “हात लावून बघा, काही करत नाही” म्हणून पुढे ढकलू नये. ओरडून, मारून गुरगुरणं बंद करू नये, गुरगुरणं ही सूचना असते, ती बंद पडली की कुत्रं सूचना न देता चावतं. चावलंच तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची, हळद-मिरची-चुना काही भरायचं नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करायची, कुत्रं घरचं असलं तरी.