वाय-फाय फुल, तरी नेट बंद?

सीताबर्डीतल्या दुकानांपासून मानेवाड्यातल्या फ्लॅटांपर्यंत नागपुरात एक समज घट्ट बसलाय: मोबाइलवर वाय-फाय फुल दिसलं की नेट चालू असणारच. तसं नाही. ते चिन्ह फक्त मोबाइल ते राउटर एवढंच सांगतं. बाहेरच्या लाइनशी बोलतो तो मोडेम. जुन्या फोनलाइनवर साधारण 300 ते 3400 हर्ट्झचाच आवाज जायचा. मोडेम शून्य-एकची माहिती त्या आवाजात बसवायचा, पलीकडचा मोडेम ती परत उलगडायचा. जोडणी होताना ऐकू येणारी किरकिर तीच. 1998च्या व्ही.90 या फोनलाइन-मोडेमच्या मानकातही वेगाची कमाल मर्यादा सेकंदाला 56 किलोबिटच होती. फायबरच्या बॉक्समध्ये हेच काम प्रकाशावर चालतं. त्यावरचा 'एलओएस' (लॉस ऑफ सिग्नल, म्हणजे सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल झाला, तर नवा राउटर घ्यायला धावू नका. प्रकाशच पोचत नाहीये. आधी लाइनवाल्याला बोलवा.