हायटस हर्निया आणि आम्लप्रवाहाशी निगडित श्वसनाचा त्रास

छाती आणि पोट यांना वेगळे करणाऱ्या श्वासपटलात अन्ननलिकेला वाट देणारे एक छिद्र असते. ते सैल पडून जठराचा काही भाग पोटातून छातीत सरकला, तर त्या अवस्थेला हायटस हर्निया म्हणतात. छातीत जळजळ, आंबट ढेकर, जेवणानंतर घशाशी येणे ही तिची परिचित लक्षणे होत. मात्र काही रुग्णांची मुख्य तक्रार पोटाची नसून श्वासाची असते. चार जिने चढताना धाप लागते, जेवण झाल्यावर छाती भरून येते, किंवा मध्यरात्री ठसका लागून जाग येते आणि क्षणभर श्वास आत जात नाही. या तक्रारी वरवर सारख्या वाटल्या, तरी त्यांच्यामागील कारणे वेगवेगळी असतात. त्यामुळे उपचार ठरवण्यापूर्वी त्या रुग्णात कोणते कारण लागू पडते हे ओळखणे सर्वांत महत्त्वाचे ठरते.

जठरातील आम्ल वर येऊ नये यासाठी शरीरात दोन बंदोबस्त असतात. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा वर्तुळाकार स्नायू हा पहिला, आणि बाहेरून त्याच जागी आवळून धरणारे श्वासपटलाचे तंतू हा दुसरा. श्वास घेताना छातीतील दाब कमी होतो, पोटातील दाब वाढतो, आणि जठरातील द्रव वर खेचला जाण्याची शक्यता निर्माण होते. नेमक्या त्याच क्षणी श्वासपटल आकुंचन पावून मार्ग बंद करते. हर्नियामध्ये हे दोन बंदोबस्त एकमेकांपासून दूर जातात. सरकलेल्या जठराच्या लहानशा पिशवीत आम्ल साठून राहते आणि गिळण्याच्या वेळी स्नायू सैल होताच ते वर येते. तरीही हर्निया असलेल्या प्रत्येकाला आम्लप्रवाहाचा, म्हणजे आम्ल असे वर येण्याचा, त्रास होत नाही, आणि हर्निया नसतानाही तो होऊ शकतो.

हर्नियाचे ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण सरकत्या प्रकारचे असतात. त्यात अन्ननलिका आणि जठर यांचा सांधाच वर सरकतो व बहुधा हर्निया लहान असतो. एवढ्या लहान हर्नियामुळे फुप्फुसावर दाब पडून धाप लागत नाही. उरलेल्या प्रकारांत जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या बाजूने छातीत शिरतो. तो वाढत गेला, तर निम्मे किंवा त्याहून अधिक जठर हृदयाच्या मागे जाऊन बसते. छातीच्या क्ष-किरण चित्रात तेव्हा हृदयाच्या सावलीमागे हवेचा फुगा आणि त्याखाली द्रवाची आडवी रेघ दिसते. असे जठर फुप्फुसाच्या खालच्या भागाला पुरेसे फुलू देत नाही, शिवाय हृदयाच्या डाव्या कर्णिकेवरही (वरच्या कप्प्यावर) दाब आणते. या रुग्णांना पोटभर जेवल्यावर किंवा बुटाची नाडी बांधण्यासाठी वाकल्यावर धाप लागते. वयस्कर व्यक्तींमध्ये ही धाप बरेचदा वयावर किंवा वजनावर ढकलली जाते आणि निदान लांबते.

मोठ्या हर्नियात धाप लागण्याचे आणखी एक कारण सहज निसटते. श्वासपटलाच्या कडेवर जठराचे अस्तर सतत घासले जाऊन तेथे कॅमेरॉन व्रण नावाचे उथळ व्रण होतात. त्यांतून रक्त इतके हळूहळू झिरपते की रुग्णाला ते कळतही नाही. लोह कमी होते, रक्तक्षय होतो, आणि फुप्फुसे निरोगी असूनही चालताना दम लागतो. म्हणून अशा रुग्णाचे हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय धापेचे कारण ठरवू नये.

आम्लप्रवाहामुळे होणारा त्रास याहून निराळा असतो. वर आलेल्या द्रवाचे सूक्ष्म थेंब झोपेत स्वरयंत्रातून श्वासनलिकेत उतरले, तर तिचे अस्तर सुजते, खोकला सुटतो आणि सकाळी आवाज बसलेला असतो. दुसऱ्या मार्गात द्रव श्वासनलिकेपर्यंत पोहोचतही नाही. अन्ननलिका आणि श्वासनलिका गर्भावस्थेत एकाच मूळ नळीपासून तयार होतात आणि दोन्हींना व्हेगस चेतातंतूंचा पुरवठा असतो. त्यामुळे अन्ननलिकेच्या खालच्या भागात आम्ल लागले, तरी प्रतिक्षिप्त क्रियेने श्वासनलिका आकसू शकतात. कधी स्वरतंतू अचानक मिटतात. रुग्ण घाबरून उठून बसतो आणि श्वास ओढताना घरघर ऐकू येते. हा झटका बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत ओसरतो, पण अनुभवणाऱ्याला तो जिवावर बेतल्यासारखा वाटतो. त्याची ही भीती ‘मनाचे खेळ’ म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे आहे.

दमा आणि आम्लप्रवाह यांचा संबंध दुहेरी आहे. पोट गच्च भरल्याने दम्याचा झटका येऊ शकतो, हे विख्यात वैद्य विल्यम ऑस्लर यांनी १८९२ मध्येच नोंदवले होते. उलट बाजूने, दम्याच्या झटक्यात जोराने श्वास ओढावा लागतो, छाती-पोटातील दाबांचा फरक वाढतो आणि आम्ल वर येते. थिओफिलिनसारखी दम्यावरील औषधे अन्ननलिकेचा स्नायू सैल करतात. तथापि या कारणास्तव दम्याचे औषध स्वतःहून बंद करणे धोक्याचे आहे. आम्लरोधक गोळीने दमा बरा होतो, ही समजूतही टिकलेली नाही. दमा आटोक्यात नसलेल्या, परंतु जळजळीची तक्रार नसलेल्या ४१२ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, इसोमेप्राझोल हे आम्ल कमी करणारे औषध २४ आठवडे देऊनही दम्यावर फायदा दिसला नाही. जळजळ आणि दमा दोन्ही असतील, तर मात्र काही रुग्णांना उपयोग होतो.

निदानासाठी बेरियम पिऊन काढलेली क्ष-किरण चित्रे, दुर्बिणीतून तपासणी आणि मोठ्या हर्नियासाठी सीटी स्कॅन उपयोगी पडतात. श्वासाची तक्रार खरोखर आम्लप्रवाहाशी जोडलेली आहे का, हे पाहण्यासाठी नाकातून बारीक नळी घालून २४ तास अन्ननलिकेतील आम्लता मोजतात. त्या काळात रुग्ण खोकल्याची व धापेची वेळ नोंदवतो आणि दोन्ही नोंदी ताडून पाहतात. स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी) आणि हृदयाची तपासणीही सोबत करावी लागते.

आम्लप्रवाहाच्या रुग्णाला वजन कमी करणे, रात्रीचे जेवण हलके व झोपेच्या तीन तास आधी घेणे आणि तंबाखू सोडणे यांचा आधार मिळतो. नुसत्या उशा वाढवल्याने पोट दुमडते. त्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचलावी. जेवणानंतर लगेच आडवे होणे टाळलेलेच बरे, पण झोपताना उजव्या कुशीपेक्षा डावी कुस सोयीची, कारण तेव्हा जठरातील द्रव अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खालच्या पातळीवर राहतो. पँटोप्राझोलसारख्या गोळ्या रिकाम्या पोटी, जेवणाआधी सुमारे अर्धा तास घेतात. त्यांनी आम्लता कमी होते, मात्र द्रव वर येणे थांबत नाही. जठराचा दाब हेच धापेचे कारण असेल, तर या गोळ्या वर्षानुवर्षे घेऊनही धाप जात नाही. तेथे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. जठर खाली ओढून छिद्र शिवतात आणि जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. गुंडाळण्याची ही पद्धत शल्यविशारद रुडॉल्फ निसेन यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. १९९१ पासून ती दुर्बिणीद्वारे होऊ लागली. मोठ्या हर्नियाच्या अनेक रुग्णांची धाप शस्त्रक्रियेनंतर कमी होते. गिळताना अडकणे आणि ढेकर न येणे हे तिचे संभाव्य तोटे आहेत.

छातीत दुखून दम लागला की ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पिऊन वाट पाहण्याची सवय महाराष्ट्रातही घरोघरी आढळते आणि तीत हृदयविकाराच्या झटक्याचा मोलाचा वेळ वाया जातो. अशा वेळी हर्निया आधीपासून माहीत असला, तरी प्रथम ईसीजी काढणे आवश्यक आहे. तसेच मोठ्या हर्नियाच्या रुग्णाला पोटाच्या वरच्या भागात तीव्र वेदना होऊन सारखे उमाळे येत असतील, पण उलटी पडत नसेल, तर छातीतील जठराला पीळ पडल्याची शंका घेऊन त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.